लॉगिन झालं की सेशन आयडी बदल
अरे, तुझा लॉगिनचा कोड पाहिला. पासवर्ड हॅश केलास, म्हणजे मूळ रूपात न ठेवता उलट न फिरवता येणाऱ्या रूपात साठवलास, ते छानच, पण लॉगिननंतर सेशन आयडी (सर्व्हर युजरला ज्यावरून ओळखतो तो ब्राउझरच्या कुकीतला कोड) तोच जुना राहतोय, खरी गोची तिथे आहे. कोणी स्वतःला माहीत असलेला आयडी आधीच युजरच्या ब्राउझरमध्ये घुसवला आणि मग युजरने लॉगिन केलं, की तो आयडी घुसवणारा पण त्याच आयडीवर पासवर्डशिवाय थेट आत. त्यामुळे लॉगिन झाल्या झाल्या नवा आयडी दे, पीएचपीत तयार फंक्शन आहे, आणि लॉगआउटला नुसती कुकी पुसू नकोस, सर्व्हरवरचं सेशनही उडव, हे फार जण विसरतात. कुकीला सिक्युअर (ती फक्त एचटीटीपीएस म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शनवरूनच जाते), एचटीटीपीओन्ली (पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही), सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत ती जाण्यावर बंधन) हे पर्याय लावच. आणि एचटीटीपीएस फक्त लॉगिन पेजला ठेवू नको बाबा, २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्स एक्स्टेन्शन आलं, ते घेऊन उघड्या वायफायवर कोणीही दुसऱ्याची फेसबुकची कुकी उचलून त्याच्या अकाउंटमध्ये शिरू शकत होतं, कारण लॉगिनपुढचं सगळं साध्या एचटीटीपीवर चालायचं.