अक्षीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा पक्षी बघायला जाताना

डिसेंबरात अलिबागजवळच्या अक्षीला जायचं ठरवलंत, फार छान! सुरुवातीला एवढंच सांभाळा.

आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, मग निघायची वेळ ठरवा. नवखे लोक नेमकं हेच विसरतात आणि पूर्ण ओहोटीला पोहोचतात. तेव्हा पक्षी दूर पाण्याच्या कडेला नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जा. पाणी चढतं तसे थवे आपोआप जवळ सरकतात. त्यातून भरती सकाळची मिळाली तर उत्तमच, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडे बघताना तेव्हा ऊन पाठीशी असतं.

८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. कॅमेरा पहिल्या दिवशी पिशवीतच राहू द्या.

थव्याच्या दिशेने सरळ चालत जाऊ नका. लांबून आलेले हे पाहुणे खाण्यात गुंतलेले असतात, दर वेळी उडवले की त्यांची ताकद वाया जाते. एका जागी खाली बसा, तेच जवळ येतील.

सगळी नावं एकाच दिवशी लावायचा हट्ट नको. दोन पक्षी नीट बघा:

- केंटिश चिखल्या (केंटिश प्लोव्हर, छोटा किनारी पक्षी): चार पावलं पळतो, थबकतो, टोचतो. मानेमागे पांढरी पट्टी, छातीवरचा पट्टा मधे तुटलेला.
- तपकिरी डोक्याचा कुरव (समुद्रपक्षी, इंग्रजीत गल): नावावर जाऊ नका! हिवाळ्यात डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका.

तुतारींच्या (सँडपायपर या किनारी पक्ष्यांच्या) जाती ओळखणं पुढच्या हिवाळ्यात बघू. टोपी आणि पाणी मात्र घ्याच.