आर्सेनिकच्या घट्ट्यांवर कडुनिंबाचं मलम चालेल का?

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याकडचे, सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यामुळे पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात असतो. घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या तळहाता-तळपायांना खडबडीत घट्टे आलेत, छातीवर काळे-पांढरे ठिपके आहेत. डॉक्टरांनी आर्सेनिक या विषाची बाधा सांगितली. कुरुपाला लावतात तसा बिब्बा लावावा, की कडुनिंबाचं मलम?

उत्तर : ताई, बिब्बा अजिबात नको. बिब्ब्याचं तेल कातडी भाजून काढतं. आर्सेनिकच्या घट्ट्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो, आणि भाजल्याची जखम कोणती, रोगाची कोणती, हे मग डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही.

कडुनिंबाचं विचारलंत ते योग्यच. ढाक्यात संशोधक मीर मिसबाहुद्दीन यांच्या गटाने पानांच्या अर्काचं मलम अशाच रुग्णांच्या तळहातांवर लावून पाहिलं, तेव्हा घट्टे कमी झाले. पण तो मोजूनमापून काढलेला अर्क होता, पाट्यावर वाटलेला पाला नव्हे. मावशींसाठी मी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं किंवा युरियाचं मलमच सांगेन, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. रात्री हात कोमट पाण्यात भिजवायचे, पुसायचे, मग मलम चोळायचं. कातडी मऊ पडते, भेगा कमी दुखतात, भांडी घासता येतात. कष्टाच्या हातांना एवढा आरामसुद्धा मोठा असतो.

बाजारातलं 'जडीबुटीचं' मलम घेताना त्यात हरताळ किंवा मनशीळ आहे का, हे आधी विचारा. दोन्ही आर्सेनिकचीच खनिजं!

पण कुठलंही मलम अंगातलं आर्सेनिक काढत नाही. मावशी पाणी कुठलं पितात? कोलकात्यात डॉ. के. सी. साहांनी 1983 मध्ये असे रुग्ण ओळखले, तेव्हाही मूळ कूपनलिकेच्या पाण्यातच निघालं. या पाण्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळल्याने आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. हातपंपाचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. अहवाल येईपर्यंत पिण्या-रांधण्याचं पाणी त्यांना तुमच्याकडून नेऊ द्या, अर्थात तुमचं तपासलेलं असेल तरच.

एखादा घट्टा वाढू लागला, चिघळला किंवा त्यातून रक्त आलं, तर मलम बंद करून त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, घट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. मावशींची मुलं त्याच पंपाचं पाणी पीत असतील, तर त्यांचेही तळवे दाखवून घ्या.