चिठ्ठीशिवाय साहित्य पाठवू नकोस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या संख्यापट्ट्यांचं पाकीट काल मिळालं. दशकांच्या नऊ निळ्या, सुट्ट्यांच्या नऊ पिवळ्या आणि वर रबरबँड. जेवण झाल्यावर टेबलावर मांडून बसले. ५० च्या पट्टीवर ३ ची पट्टी सरकवली, शून्य झाकलं गेलं आणि ५३ झाले. तू दुसरीत माझ्यासमोर बसायचीस, मी ‘त्रेपन्न’ म्हटलं की हमखास ३५ लिहायचीस. आता तूच तुझ्या वर्गातल्या मुलांसाठी त्यावर काहीतरी करते आहेस, याचा मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही.

ही अडचण आपल्या भाषेतच आहे, हे तुला कळलंय. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं. ‘एकोणसाठ’चं तर विचारूच नकोस. एक ऐकू आला, साठ ऐकू आले, मुलाने ६१ लिहिले. त्यात त्याची काय चूक? आणि एकोणनव्वदपर्यंत ही रीत एकदाची अंगवळणी पडली, की ९९ ला आपण ‘नव्व्याण्णव’ म्हणून मोकळे होतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला ते वाचन पायरी म्हणून पटतं. पण मूल घरी आणि बाजारात ‘त्रेपन्न’च ऐकणार, म्हणून त्या पायरीवर थांबून चालत नाही. तुझ्या पट्ट्या नेमक्या या दोन्हींच्या मधे उभ्या आहेत, म्हणून त्या मला आवडल्या.

आता तुझा प्रश्न. हे जिल्ह्यातल्या, राज्यातल्या शिक्षकांच्या गटांवर पाठवू का, जास्त शाळांपर्यंत कसं पोहोचवू?

पाठव. नक्की पाठव. पण नुसत्या पट्ट्या पाठवू नकोस. सोबत चिठ्ठी पाठव.

चिठ्ठी म्हणजे काय, ते तुझ्याच बाबतीत सांगते. परवा फोनवर तू म्हणालीस, की पहिल्या दिवशी मुलांनी ५० आणि ३ एकमेकांशेजारी ठेवले आणि ‘पाचशे तीन’ वाचले. तू तेव्हा काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी पट्ट्या बाजूला ठेवून काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या मोजायला दिल्यास, आणि मग परत पट्ट्या काढल्यास. दुसरी-तिसरी मिळून सतरा मुलं, त्यांतल्या चौदांना जमलं, तिघं ‘एकोण’च्या संख्यांत अडली. हे सगळं तू मला फोनवर सांगितलंस. पाकिटात यातलं एक अक्षरही नव्हतं. मी तुझी बाई म्हणून मला ते ऐकायला मिळालं. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या शाळेतल्या शिक्षिकेला कोण सांगणार? तिची मुलंही पहिल्या दिवशी ५०३ वाचतील, तिला वाटेल पट्ट्या कामाच्या नाहीत, आणि त्या कपाटात जातील.

कपाटात गेलेलं साहित्य मी फार पाहिलंय. खडू-फळा योजनेत आलेली गणिताची पेटी माझ्या पहिल्या शाळेत कुलपात होती आणि किल्ली माझ्याकडे होती. डेडस्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतली वस्तू मोडली तर भरून द्यावी लागेल, ही भीती एक कारण. दुसरं आणि खरं कारण हे, की त्या वस्तू घेऊन वर्गात नेमकं काय करायचं ते मला कळत नव्हतं. विचारायला लाज वाटत होती. पाच वर्षं ती पेटी तशीच राहिली. त्या पाच वर्षांतल्या मुलांना ती मिळाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे केंद्रप्रमुख झाल्यावर, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट माझ्याकडे आल्यावर, तीच चूक मी मोठ्या प्रमाणावर केली. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या शाळांच्या ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं अशा वर्गांचे फोटो सगळीकडे फिरू लागले. फरशीवर रंगवलेले तक्ते, भोवती बसून काम करणारी मुलं. मी ते फोटो पाहिले आणि माझ्या केंद्रातल्या शाळांत फरश्या रंगवून घेतल्या. शिक्षकांनी पदरचे पैसे घातले. महिन्याने भेटीला गेले, तर मुलं रंगीत फरशीवर रांगेत बसलेली आणि गुरुजी फळ्यावर लिहून देत होते. दोष त्यांचा नव्हता. तिथल्या शिक्षकांनी त्या फरशीपर्यंत येताना काय काय करून पाहिलं, मुलांना कसं मोकळं सोडलं, ही हकीकत मी आणलीच नव्हती. मी फक्त रंग आणला होता.

म्हणून चिठ्ठीत तुझा वर्ग येऊ दे: इयत्ता, पट, एकशिक्षकी की द्विशिक्षकी, मुलांची घरची बोली. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलाला ‘त्रेपन्न’ हा शब्दच नवा असतो, त्याची अडचण तुझ्या मुलांपेक्षा वेगळी. मग काय केलंस, किती वेळ लागला, मुलं कुठे अडली, तू काय बदललंस आणि काय अजून जमलेलं नाही. न जमलेलं लिहायला कचरू नकोस. चौदांना जमलं हे वाचून दुसरी शिक्षिका खूश होईल, पण ‘तिघं अडली’ हे वाचून ती तुझ्यावर विश्वास ठेवेल, कारण तिच्याही वर्गात तिघं असतातच.

शब्द मात्र जपून वापर. मी एकदा मोजणीच्या खेळाचं टिपण पाच शाळांना दिलं होतं आणि त्यात ‘कोणत्याही बिया चालतील’ असं लिहिलं होतं. एका शाळेत मुलांनी टेकडीवरून गुंजा गोळा करून आणल्या. लालबुंद, सुंदर दिसतात, पण गुंज विषारी. एका बाईंच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी ‘चिंचोके किंवा सागरगोटे’ असं नाव घेऊन लिहिते, आणि गुंजा नकोत हेही लिहिते. चिंचोकेसुद्धा बालवाडीतल्या मुलांच्या हाती देताना बाई समोर असायला हवी. लहान मुलं नाकात घालतात.

माझ्या पिढीच्या शिक्षकांना हे शिकवणारी माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि नंतर त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीचं महागडं साहित्य तिथल्या वारली मुलांसाठी आणणं शक्य नव्हतं. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. यातली हुशारी सगळे सांगतात. मला मोठी गोष्ट वाटते ती ही, की ताराबाई हे सगळं लिहीत राहिल्या. मराठी ‘शिक्षणपत्रिके’तून मुलांचं वागणं, शिकणं, केलेले प्रयोग पालकांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत जात राहिले. टेकडीवर न गेलेल्या माणसालाही त्या टेकडीवरचं काही मिळालं.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचं उदाहरणही मी तुमच्या बॅचला सांगत असे. १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. शिक्षक दर महिन्याला एकत्र जमायचे आणि कुठला प्रयोग वर्गात फसला ते बोलायचे. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये नोकरीतून रजा घेऊन तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून आकार, सांगाडे करू लागले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी शेकडो खेळणी केली आणि कृती सगळ्यांना फुकट दिल्या, मराठीतही. एकेक पायरी चित्रासह, एकही पायरी गाळलेली नाही. तुझ्या पट्ट्यांची कृती लिहिण्याआधी त्यांची दोन-चार खेळणी घरी करून बघ. कुठे थांबावं लागलं नाही, तर ती कृती नीट लिहिलेली आहे असं समज.

आता थोडं तांत्रिक. तुझी आधीची फाइल माझ्या मोबाइलवर उघडली तेव्हा मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसत होती. शाळेच्या संगणकावर जुना फॉन्ट असणार. सगळं युनिकोडमध्ये टंकलिखित कर, म्हणजे कुठेही उघडेल. पीडीएफ दे आणि बदलता येईल अशी मूळ फाइलही दे. दुसरी शिक्षिका रुपयांच्या जागी काड्या घालेल, चित्रातल्या अननसाच्या जागी मोह घालेल, तर घालू दे. तिच्या मुलांनी अननस पाहिलेला नसतो. पहिलीसाठी असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत का ते पाहा, पुष्कळ फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात आणि मूल पुस्तकातलं एक नि कागदावरचं दुसरं बघून गोंधळतं. रंगीत पार्श्वभूमी काढ. खेड्यात काळी-पांढरी झेरॉक्सच निघते, तुझी निळी आणि पिवळी पट्टी तिथे सारखीच दिसणार. दशकाच्या पट्टीला जाड चौकट दे.

हक्कांचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण सांगायला हवं. वर्गात शिकवताना शिक्षकाने एखाद्या पानाची प्रत काढली तर १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. तेच पान आपल्या संचात घालून राज्यभर पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. बालभारतीच्या पुस्तकावर हक्क राखीव असल्याचं छापलेलं असतं, म्हणून पान चिकटवू नकोस, ‘अमुक धडा, पान अमुक’ असं लिही. पुस्तक मुलांपाशी असतंच. कवितांचं म्हणशील तर कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या ओळी खुशाल घे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या अजून नाही. आणि तुझ्या स्वतःच्या साहित्यावर तू क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना टाक: नाव ठेवा, बदला, वाटा, विकू नका. कोणीतरी तुझं नाव खोडून पुढे पाठवेल. माझ्याही बाबतीत झालंय आणि मला त्याचा त्रास झाला. तरी पानभर आडवं नाव छापून मुलांची अक्षरं झाकू नकोस. तळाशी बारीक अक्षरात नाव, गाव, महिना पुरे.

फोटोंबद्दल मात्र मी कडक आहे. मुलांचे चेहरे नकोत. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ५०३ वाचणाऱ्या मुलाचा चेहरा राज्यभर कशाला फिरायला हवा? हात दिसू देत, पट्ट्या दिसू देत. त्याचं चुकलेलं पान दाखवायचं असेल तर नाव झाकून दाखव, आणि आधी त्यालाही विचार. दुसरीतल्या मुलालाही कळतं.

जास्त शाळांपर्यंत पोहोचण्याची घाई करू नकोस. शिक्षणसेवकाचं सोळा हजार मानधन, त्यात घरभाडं आणि येणं-जाणं. लॅमिनेशनवर पैसे घालू नकोस, जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम. आधी तुझ्या केंद्रातल्या एकाच शिक्षिकेला पट्ट्या दे आणि तिच्या वर्गात जाऊन मागे बस. ती काय वेगळं करते ते पाहा. मग केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं माग, आणि मग पुढे पाठव. महिन्याला एकच गोष्ट, पण तो घटक शिकवायच्या आठ-दहा दिवस आधी. धडा होऊन गेल्यावर आलेलं साहित्य कितीही चांगलं असलं तरी पुढच्या वर्षीपर्यंत कोणाला सापडत नाही. विदर्भात शाळा उशिरा सुरू होतात, तिकडच्यांना पंधरा दिवसांनी परत आठवण कर. आणि सध्या संख्याच धर. इंग्रजी, परिसर अभ्यास, कवितांच्या चाली असं सगळं करायचा मोह होईल. दोन वर्षं संख्यांवरच काम केलंस तर लोक आपल्या वर्गातल्या अडचणी तुलाच विचारतील, आणि पुढची पट्टी त्यातूनच सुचेल.

प्रत्येक संचाखाली एक प्रश्न लिही: तुमच्या वर्गात मुलं कुठे अडली? शंभर जण गटावर ‘छान’चं अंगठ्याचं चिन्ह टाकतील, दोघं-तिघं उत्तर देतील. त्या दोघा-तिघांना त्याच दिवशी उत्तर दे, त्यांचं म्हणणं पुढच्या चिठ्ठीत त्यांना विचारून नावासकट घाल.

माझ्या शेजारची मुलगी यंदा दुसरीत आहे. संध्याकाळी माझ्याकडे येते. काल तुझ्या पट्ट्या तिच्यासमोर ठेवल्या आणि ‘एकोणसाठ कर’ म्हटलं. तिने साठ घेतले, वर एक ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि एक काढून घेतला. मग बराच वेळ नुसती साठच्या पट्टीकडे बघत बसली. पुढे काय करायचं ते तिला पट्टी सांगत नव्हती. मला वाटतं इथे साठातून एक काढताना दिसेल असं काही हवं, कदाचित सुटणारा गठ्ठा. उद्या काड्या घेऊन पुन्हा बसते तिच्याबरोबर. काय झालं ते चिठ्ठीत लिहून पाठवते.

तुझ्या बाई