‘कॅश घावली’ म्हणायचं की आणखी काही?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकाने विचारलं आहे: “मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी जिओकॅशिंग करू लागलो आहोत. मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघत जायचं, कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. या छंदाला मराठीत ‘भूखजिना-शोध’ म्हणावं का? डब्याला ‘गुप्तधन’ चालेल का? आणि वहीत मराठीतून काय लिहावं?”

तुमची अडचण मला नीट कळते. भाच्याबरोबर पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा घरी येऊन तो ओरडला, “कॅश घावली!” माझे मामा सोप्यावर बसले होते. त्यांनी लगेच विचारलं, “कुणाची रं? पोलिसात दिलीसा का?” देवनागरीत लिहिलं की लपवलेला साठा (cache) आणि रोकड (cash), दोन्हींची ‘कॅश’ एकसारखीच दिसते. आणि ‘जिओ’ म्हटलं की समोरच्याला मोबाइलचं कार्ड आठवतं. दोन्ही तुकडे कानाला फसवतात, म्हणून मराठी शब्दाची गरज खरी आहे.

पण ‘भूखजिना’ नको. संस्कृत आणि फारसी एकत्र आले म्हणून नव्हे, मराठीत ते रोज येतात. अडचण ‘भू’ची आहे. भूगोलातला ‘भू’ म्हणजे पृथ्वी खरी, पण एखाद्या वस्तूच्या आधी तो लागला की आपल्याला जमिनीखालचं काहीतरी वाटतं: भूसुरुंग, भूगर्भ, भूमिगत. या छंदाचा तर ठळक नियमच आहे की डबा पुरायचा नाही. झाडाच्या ढोलीत, दगडाआड, कठड्याखाली ठेवायचा. नावानेच लोक कुदळ घेऊन निघाले तर काय उपयोग?

‘गुप्तधन’ला माझा विरोध याहून जास्त आहे. आपल्या भागात हा शब्द निरागस राहिलेला नाही. त्याला मांत्रिकाचा, अमावास्येचा, गडावरच्या तटाचे दगड उचकटणाऱ्यांचा वास आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख करावा लागला. जमिनीत सापडणाऱ्या धनासाठी 1878 चा वेगळा कायदाही आहे. दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ बापलेक फोन बघत दगडांपाशी वाकलेले आहेत आणि कुणी विचारल्यावर मुलगी सांगते, “गुप्तधन हुडकतोय”. हे चित्र मला नको वाटतं.

गंमत म्हणजे इंग्रजीतही हीच चर्चा झाली होती. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होणारी जागा एकदम दहा-वीस मीटरच्या आत आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हा तिला ‘स्टॅश’ म्हणत. पण त्या शब्दाला चोरीच्या, नशेच्या मालाची छटा होती. महिना उलटायच्या आत मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ सुचवलं आणि तेच रूढ झालं. शब्दाच्या वासावरून त्यांनी शब्द बदलला, मग आपणही नाक उघडं ठेवून निवडायला हरकत नाही.

त्यांचा ‘कॅश’ हा फ्रेंच ‘लपवणे’ या क्रियापदावरून आलेला. उत्तर अमेरिकेत फिरणारे फ्रेंच भाषक शिकारी धान्य-कातडी खड्ड्यात दडवून पुढे जात, त्या साठ्याला तो शब्द होता. हे वाचलं तेव्हा मी थबकलो, कारण त्याला आपल्याकडे चोख शब्द आहे: पेव! सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं कित्येक पिढ्या होती. 2005 च्या महापुरात त्यांतल्या पुष्कळांची वाट लागली. अर्थाने इतका जवळचा शब्द सोडवत नाही. तरी सोडावा लागतो. एक तर पेव पुन्हा जमिनीखालीच नेतं. दुसरं, आता तो शब्द ‘पेव फुटणे’ एवढ्यातच उरला आहे. “आज तीन पेवं सापडली” म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. ‘लपण’ पक्षिनिरीक्षकांनी आधीच घेतलं आहे, तिथे माणूस लपतो. ‘ठेवा’ सुंदर आहे, पण त्यात लपवणं नाही, शिवाय ‘सांस्कृतिक’ लावल्याशिवाय तो हल्ली चालत नाही. नुसता ‘डबा’ बोलताना चालेलच, पण काही डबे बोटाच्या पेराएवढ्या चुंबकी डब्या असतात, आत वहीऐवजी कागदाची गुंडाळलेली पट्टी.

माझी पसंती ‘दडवा’ला. वेढणे-वेढा, लढणे-लढा, ठेवणे-ठेवा, तसा दडवणे-दडवा. घडण मराठीची आहे, अर्थ ऐकताक्षणी लागतो आणि त्यात ना धन आहे ना खोदकाम. छंदाचं नाव मात्र जिओकॅशिंगच राहू द्या, जसं ट्रेकिंग राहिलं. पहिल्यांदा सांगताना नाव एकदाच लागतं. क्रियापदं दिवसभर लागतात.

आणि क्रियापदांत कोल्हापूरकर श्रीमंत आहे. पुस्तकी मराठीत ‘शोधणे-सापडणे’, आपल्याकडे ‘हुडकणे-घावणे’. ‘हुडकणे’चा सख्खा शेजारी कन्नडमधला ‘हुडुकु’, अर्थ तोच. निपाणीच्या बाजूला गेलात तर दोन्ही भाषांतली माणसं या छंदाला एकाच आवाजात नाव देतील. मला तर ‘हुडकणे’ ‘शोधणे’पेक्षा या कामाला जास्त जवळचं वाटतं. शोध संशोधकही घेतो. हुडकताना वाकावं लागतं, पाला बाजूला सारावा लागतो, फांदीत हात घालावा लागतो. फोन तुम्हाला जागेपाशी आणून सोडतो. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे 1.85 मीटर, पण झाडाखाली फोनचाच अंदाज त्याच्या कितीतरी पट हलतो. तिथून पुढचं काम डोळ्यांचं आणि हातांचं, म्हणजे हुडकण्याचं. संध्याकाळी रंकाळ्यावर गर्दीत हे करताना खेळाबाहेरच्या माणसांची नजर चुकवावी लागते. त्यांना ‘तिऱ्हाईत’ म्हणा, नेमका बसतो.

राहिली वही. मुलीला लिहू दे: “घावला.” दडवा पुल्लिंगी, म्हणून ‘घावलं’ नव्हे. एक दडवा, दोन दडवे, दडव्यातली वही. नाही मिळाला तर फोनवर नोंद करायची: “लई हुडकला, न्हाई घावला.”