प्लास्टिक सर्जरी म्हणजे फक्त सुंदर दिसण्यासाठीचं ऑपरेशन का? आणि चांगला सर्जन कसा ओळखायचा?

नाही. भाजल्यानंतर आखडलेली त्वचा मोकळी करणं, फाटलेला ओठ जोडणं, कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवणं, हाताच्या तुटलेल्या शिरा सांधणं, हे सगळं प्लास्टिक सर्जरीतच येतं. कॉस्मेटिक सर्जरी हा तिचा एक भाग.

सर्जन निवडताना आधी पदवी बघा. थोड्या दिवसांचा कॉस्मेटिक कोर्स आणि प्लास्टिक सर्जरीचं अनेक वर्षांचं प्रशिक्षण यांत फार अंतर आहे. वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी स्वतः तपासा. मग स्पष्ट विचारा: हेच ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का? भूल कोण देणार? रात्री रक्तस्राव झाला तर कुणाला फोन करायचा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी तिथे ऑपरेशन करून घेणार नाही. ‘आजच पैसे भरा, सूट मिळेल’ म्हणणाऱ्यांकडेही नको.

सिगारेट ओढत असाल तर लपवू नका. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखम लवकर भरत नाही, कधी त्वचेचा भाग मरतो. सिगारेट ओढा वा न ओढा, ऑपरेशनचा व्रण तर राहणारच. तो फिका पडायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. नाकाचं ऑपरेशन केलं तर त्याची सूजही पूर्ण उतरायला साधारण तेवढाच काळ जातो.