स्टाव्हांगरला येण्याआधी हेलिकॉप्टरचं बोलू

समीर, नॉर्वेच्या स्टाव्हांगरमधून समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टरने जायची ही नोकरी. पगार आणि घरभाडं बाजूला ठेवून तू विचारलंस की बायकोने बर्गनजवळच्या टुरॉयच्या हेलिकॉप्टर अपघाताचा व्हिडिओ पाहिलाय, ती नॉर्वे नको म्हणतेय, तिला काय सांगू?

खोटं सांगू नकोस. 29 एप्रिल 2016 ला गलफाक्स बी या तेल-प्लॅटफॉर्मवरून बर्गनला येणाऱ्या एच225 हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच निखळला. 13 जण गेले. मुख्य गिअरबॉक्समधल्या एका प्लॅनेट गिअरला चीर गेली होती आणि ती धातूच्या आतल्या आत वाढत राहिली. गिअर झिजला की तेलात कण पडतात, चिप डिटेक्टर बोंबलतो. इथे तो गप्प राहिला. 2009 मध्ये स्कॉटलंडजवळ याच कुळातल्या हेलिकॉप्टरचा असाच गिअर फुटून 16 जण गेले होते. सात वर्षं होती रे हातात! माझा राग आहे तो यावर.

नॉर्वे आणि ब्रिटनने एच225 वर घातलेली बंदी जुलै 2017 मध्ये उठली, पण इथले कामगार काही त्यात परत बसले नाहीत. आता बहुतेक एस-92 हे दुसरं हेलिकॉप्टर असतं. तेही काही पुष्पक विमान नव्हे: मार्च 2009 मध्ये न्यूफाउंडलंडजवळ त्याच्या गिअरबॉक्सच्या तेल-फिल्टरचे टायटॅनियमचे स्टड (बोल्ट) तुटले, तेल वाहून गेलं, 18 पैकी एकच वाचला. नंतर स्टड पोलादाचे केले.

जुहूवरून बॉम्बे हायला जाताना आपण कधी विचारलं का, कुठलं मशिन, गिअरबॉक्स कधी बदलला? लाइफ जॅकेट चढवायचं, गणपतीचं नाव घ्यायचं, बसायचं. नॉर्वेत कामगारांनी निवडलेला वेर्नेओम्बुद, म्हणजे सुरक्षा-प्रतिनिधी, असतो. जिवाला धोका दिसला तर काम थांबवायचा त्याला कायद्याने हक्क आहे. माझा भरवसा मशिनपेक्षा त्याच्यावर जास्त.

सही करण्याआधी कंपनीला उड्डाणाचा तळ आणि हेलिकॉप्टरचं मशिन विचारून घे. उलट्या केबिनमधून पाण्याखाली बाहेर पडायचं ट्रेनिंग गांभीर्याने कर. इथलं पाणी आपल्यासारखं कोमट नाही, म्हणून तर अख्खा सर्व्हायव्हल सूट घालतात.

आणि तिला हा हिशोब दाखव. बॉम्बे हायला 14 दिवस समुद्रात, 14 घरी, म्हणजे जाऊन-येऊन वर्षाला 26 उड्डाणं. नॉर्वेत दोन आठवडे समुद्रात, चार घरी: 17-18.

सध्या मी नॉर्वेहून येऊन महिनाभर पार्ल्यात आहे. रविवारी तिला घेऊन जेवायलाच ये. आमच्या हिने हे सगळे प्रश्न मला आधीच विचारून झालेत, त्या दोघींना बोलू दे.