सांबारवडी वहिनींची, नाव आईचं

"मावशी, मी मूळची सांगलीची. लग्न होऊन नागपुरात आले त्याला २२ वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात एका टीव्हीच्या कुकिंग स्पर्धेच्या ऑडिशनला सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेली वडी, घेऊन गेले आणि चक्क सिलेक्ट झाले. मुंबईत दीड महिना शूटिंग झालं, शेवटच्या दहाजणांत येऊन बाहेर पडले. पण खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. वडी मला मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे वहिनींनी शिकवली आणि टीव्हीवर दिसलं की आईकडून शिकले. एपिसोड लागल्यापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. एडिटिंग चॅनलवाल्यांनी केलं, त्यात माझी काय चूक? मिस्टर म्हणतात रेसिपीवर कोणाची मालकी नसते. खरं काय ते सांगणारा व्हिडिओ टाकू का? आणि नोकरी सोडून क्लाउड किचन सुरू करू का?"
– एक सून, नागपूर

बाई गं, वर छापलंय ते तुझ्या साडेचार पानी पत्राचं सार आहे, मी मात्र सगळं दोनदा वाचलं, एकदा चहासोबत आणि एकदा चष्मा पुसून. स्पर्धेत हरलीस त्याबद्दल सगळ्या मिळून आठ ओळी आहेत, त्यातल्या तीन त्या न जमलेल्या फ्रेंच डेझर्टबद्दल. उरलेलं सगळं पत्र वहिनी. म्हणजे दुखतंय कुठं ते तुलाही माहीत आहे, मी फक्त बोट ठेवून राहिली.

आता एक गोष्ट विचारते, रागावू नको. पहिल्या पानावर तू लिहिलंस, "मी वहिनींचं नाव घेतलं होतं, त्यांनी कापलं." आणि तिसऱ्या पानावर लिहिलंस की कॅमेऱ्यामागच्या त्या मुलीने विचारलं आईची काही आठवण असेल तर सांगा ना मॅम, आई जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते, तुला भरून आलं आणि "बोलून गेले". आता हे दोन्ही एकाच पत्रात कसं बसवायचं? नाव घेतलंही असशील कुठेतरी, दोन तासांच्या बोलण्यातून वीस सेकंद दाखवतात, कापलंही असेल. पण आईकडून शिकले हे वाक्य काही एडिटरने तुझ्या तोंडात घातलं नाही. ते तुझं आहे. तिसरं पान लिहिताना तुझं अक्षर पण बारीक झालंय, तेवढं कळतं मला.

तू मुद्दाम खोटं बोललीस असं मी म्हणत नाही हां. त्या दिव्याखाली उभं राहिलं की काय होतं ते मी समजू शकते. आमच्या वेळी टीव्हीवरचं स्वयंपाकाचं म्हणजे १९९३ पासून झी टीव्हीवर संजीव कपूर यायचे, आपण वही घेऊन बसायचं, दोन चमचे म्हटलं की दोन चमचे लिहायचं, त्यांच्या आईबद्दल कोणी काही विचारत नव्हतं. मास्टरशेफ ही स्पर्धा तिकडे ब्रिटनमध्ये १९९० साली बीबीसीवर सुरू झाली, ऑस्ट्रेलियावाल्यांनी २००९ मध्ये तिची जवळजवळ रोज रात्रीची मालिका केली आणि २०१० मध्ये ती आपल्याकडे आली. मला त्यातली गंमत ही वाटते की टीव्हीला ना नाक आहे ना जीभ. तुझी वडी खुसखुशीत झाली की मऊ पडली ते आम्हा घरी बसलेल्यांना कळणार कसं? परीक्षकाने डोळे मिटले म्हणजे चांगली असावी, एवढंच. मग आम्हाला धरून ठेवायला काहीतरी पाहिजे, ते म्हणजे गोष्ट. कोणाची आई, कोणाचं कर्ज, कोणाला नवऱ्याने कधी चांगलं म्हटलं नाही. त्या मुलीचं काम गोष्ट काढायचं होतं, तिने काढली. तुझ्याकडे आईची ताजी जखम होती आणि हातात वडी होती, दोन्ही चिकटलं. जावेने शिकवली म्हटलं असतं तर म्युझिक वाजलं नसतं बहुतेक.

पण वहिनींच्या जागी बसून बघ एकदा. तूच लिहिलंस, एपिसोडच्या दिवशी भासऱ्यांनी, म्हणजे तुझ्या मोठ्या दिरांनी, आजूबाजूचे चौदा लोक हॉलमध्ये जमवले होते, चिवडा आणि संत्रा बर्फी आणली होती, वहिनी नवी साडी नेसून सगळ्यात पुढे. आणि चौदा लोकांसमोर टीव्हीतून तू सांगून राहिली की ही माझ्या आईची वडी. त्या उठून आत गेल्या आणि नंतर फक्त एकच वाक्य बोलल्या, "तिच्या आईला तर सांबार म्हणजे इडलीसोबतचं पाणी वाटायचं." मी हे वाचून आधी खूप हसले आणि मग मला वाईट वाटलं. कारण ते खरं आहे ना! नवीन नवरी असताना वहिनींनी तुला बाजारातून सांबार आण म्हणून पाठवलं आणि तू हॉटेलातून डबा भरून सांबार घेऊन आलीस, नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे सांगलीच्या पोरीला कसं माहीत असणार. तेव्हा त्या सगळ्यांसमोर तुला हसल्या नाहीत, तुला घेऊन परत बाजारात गेल्या आणि जुडी कशी बघायची ते दाखवलं, हे पण तूच लिहिलंस. आणि मला विचारतेस माझी काय चूक.

मिस्टरांचा मुद्दा कायद्याने बरोबर आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एखाद्याने लिहिलेले शब्द, काढलेले फोटो यांना संरक्षण आहे, पण अमुक घालून तमुक तळायचं या कल्पनेला नाही. आणि सांबारवडी तर अख्ख्या विदर्भाची, थंडीत सांबार स्वस्त झाला की नागपुरात महाल असो की धरमपेठ, कुठल्याही गल्लीत तळणाचा वास येतो. पण वहिनी काय तुला नोटीस पाठवून राहिल्या का? त्यांनी मालकी मागितलीच नाही. आणि त्यांनी तुला दिली ती नुसती रेसिपी नव्हती, रेसिपी तर कोणत्याही मासिकात मिळते, बेसनाची पारी, आत सांबार, खसखस, सुकं खोबरं, चारोळी, तीळ, झालं. त्यांनी तुला दिलं ते पुढचं. सांबार आदल्या संध्याकाळी निवडून धुवायचा आणि रात्रभर जुन्या सुती लुगड्यावर पसरून ठेवायचा, एक थेंब पाणी राहायला नको. आणि सारणात मीठ अगदी शेवटी, पारीत भरायच्या आधी, नाहीतर सांबार पाणी सोडतो आणि वडी तेलात फुटते. टीव्हीवर परीक्षकाने विचारलं इतकी कोरडी कशी राहिली, तेव्हा तू नेमकं हेच दोन्ही सांगितलंस.

माझ्या सांबारवड्या लग्नानंतर दोन वर्षं फुटत होत्या. एकदा फल्लीचं गरम तेल असं उडालं की मनगटावर अजून डाग आहे. आमच्या घरात तीन बाया होत्या ज्यांना कारण माहीत होतं आणि एकीनेही सांगितलं नाही, उलट मजा बघत होत्या. म्हणून सांगते, अशा गोष्टी हातातून हातात देणारी जाऊ फार कमी जणींना मिळते.

आपल्याकडे नागपुरात २०१८ साली शेफ विष्णू मनोहरांनी ३००० किलो खिचडी केली, आठवत असेल. त्याच्या आदल्या वर्षी ते सलग ५० तासांच्या वर स्वयंपाक करत उभे राहिले होते. तो त्यांचा मान आहे, त्यात वाद नाही. मला मात्र तेव्हापासून प्रश्न पडतो की ३००० किलोच्या खिचडीचं कांदा-गाजर चिरायला किती हात बसले असतील, आणि त्यातल्या एखादीने घरी जाऊन सांगितलं असेल का की बापा, ते गाजर माझं होतं. मोठ्या कढईजवळ सगळ्यांची नावं नाही घेता येत, खरं आहे. तुझ्या ताटात तर एकच वडी होती.

आता करायचं काय. आधी काय नाही करायचं ते. मिस्टर म्हणतात सगळ्यांना एकदा चांगल्या हॉटेलात नेऊ म्हणजे मिटेल, ते बिलकुल नको, वहिनी सगळ्यांदेखत पनीर खातील आणि घरी जाऊन आणखी गप्प होतील. फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज पण नको. साडी नेऊ नको, तुला स्पर्धेत मिळालेला तो मिक्सर तर अजिबातच नेऊ नको.

एकटी जा. दुपारी तीनच्या सुमारास, जेवणं आटोपून भांडी झालेली असतात आणि भासरे झोपलेले असतात तेव्हा. आणि एकच वाक्य बोल, "वहिनी, वडी तुम्ही शिकवली आणि मी टीव्हीवर आईचं नाव घेतलं, मी चुकले." एवढ्यावर थांब. त्याच्या पुढे 'पण' आला की संपलं, कारण 'पण' च्या मागून एडिटिंग येईल, ती मुलगी येईल, आई येईल. त्या विचारतील, का घेतलं नाव? तर खरं सांग, आईची आठवण येत होती. हे त्यांना समजेल, तुझ्या आईच्या तेराव्याला वहिनी सांगलीत तीन दिवस राहून पोळ्या लाटत होत्या असं तूच लिहिलंस, ते मी विसरले नाही. त्या काही टोचून बोलल्या तर ऐकून घे. चार महिन्यांचं साचलेलं आहे, एका दुपारी नाही निघणार.

आणि आईचं म्हणशील तर, तिच्या नावाने सांगायला तुझ्याकडे तिची कटाची आमटी आहे की, पत्रात दोनदा उल्लेख आला. ती खरंच तिची. तिला नागपूरची वडी उसनी कशाला द्यायची?

व्हिडिओचं म्हणशील तर आत्ता नको. वहिनींना आधी विचार की त्यांना नाव पाहिजे का. त्या पिढीतल्या पुष्कळ बायांना नाव नको असतं, फक्त नाव दुसऱ्याला गेलेलं सहन होत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या हो म्हणाल्या तर त्यांना कॅमेऱ्यासमोर बसव आणि तू बाजूला सांबार निवड. आणि त्या व्हिडिओत चॅनलने कसं फसवलं वगैरे सुरू करू नको, एक म्हणजे ते अर्धंच खरं आहे, दुसरं म्हणजे अशा स्पर्धांना घेताना कागदावर सह्या घेतात, शूटिंगमधलं बाहेर काय बोलायचं नाही ते त्यात लिहिलेलं असतं. तुझा कागद काढून वाच, सही करताना वाचला नसशीलच.

क्लाउड किचनचं थोडक्यात सांगते कारण तो प्रश्न मला घाईचा वाटत नाही. २०१० ची पहिली मास्टरशेफ इंडिया जिंकलेल्या पंकज भदौरिया लखनौच्या शिक्षिका, १६ वर्षांची नोकरी सोडून उतरल्या होत्या, तो किस्सा ऐकून किती जणींनी मनातल्या मनात राजीनामे लिहिले असतील. पण त्या जिंकल्या, बाई. तू दहाजणांत आलीस, ते लहान नाही, पण त्यावर कोणी घराचा हप्ता भरून देत नाही. आणि तुझ्या चुलत सासऱ्यांना जे वाटतं की तुला लाखो मिळाले, त्यांना सांगून टाक की २५ लाख जिंकणाऱ्याचेसुद्धा ३० टक्के आधी टॅक्समध्ये जातात, तुला तर मिक्सर मिळाला. नोकरी राहू दे. एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागतं ते, रजिस्ट्रेशन करून घे आणि येत्या थंडीत फक्त शनिवार-रविवार सांबारवडी आणि कढीच्या ऑर्डर घेऊन बघ. होळीपर्यंत ऑर्डरी टिकल्या तर परत लिही, मग बोलू.

तोवर महालक्ष्म्या तोंडावर आल्या आहेत. तुमच्या त्या मोठ्या घरीच बसतात, वहिनींच्या हातून, आणि तू लिहिलंस की या वर्षी जाऊ की नको कळत नाही, डायरेक्ट जेवणाच्या दिवशी पाहुण्यासारखं जावं का. अजिबात नाही. दोन दिवस आधी जा. फुलोऱ्याच्या करंज्या, पापड्या असतात, सोळा भाज्या निवडायच्या असतात, आंबिलीचं असतं, पुरणाचं असतं, त्या घरात तेव्हा हात कमीच पडतात. तिथे तू टीव्हीवाली नाहीस, धाकटी सून आहेस. फोन पर्समध्ये ठेव, त्या दोन दिवसांत एक रील सुद्धा नको. पुरणात वेलची कमी वाटली तरी तोंड उघडू नको, परीक्षक तिथे त्या आहेत.

त्या कदाचित तुझ्याकडे बघणारही नाहीत आधी. मग कधीतरी काही न बोलता आंबिलीचा खरकटा गंज पायाने तुझ्याकडे सरकवतील. घासायला घे, आणि चांगला घास, बुडाशी लागलेलं असतं.

– मावशी